हवेचे वजन किती खात्रीचे?

लहानपणी आपणांपैकी बहुतेकांना एक कोडे घालण्यात आले असेल : एक किलो लोखंड जड, की एक किलो कापूस? आमच्या आजोबांच्या वेळी ते शेराच्या भाषेत विचारले जाई, एवढाच काय तो फरक. उतावळा मुलगा चटकन 'लोखंड' म्हणे आणि सगळ्यांच्या हसण्याचा विषय होई. चाणाक्ष मुलगा थोडे थांबून 'दोन्ही सारखीच' असे सांगे आणि शाबासकी मिळवी. आज मी आपणांस असे सांगणार आहे की, तो चाणाक्ष मुलगाही सर्वस्वी बरोबर नव्हता. तराजूच्या एका पारड्यात लोखंड आणि दुसऱ्यात कापूस घातला आणि काटा बरोबर मध्यावर आला, तर त्या दोहोंत कापूसच किंचित जड ठरतो.

ह्याचे कारण आपल्या रोजच्या अनुभवातले आहे. आडातून घागर ओढताना ती पाण्यात असेपर्यंत हाताला हलकी लागते. पाण्याबाहेर आली की दोराला एकदम ओढ बसते. आपल्यात बुडालेल्या वस्तूला पाणी खालून उचलून धरते, आणि त्या वस्तूने जेवढे पाणी बाजूस सारले असेल तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला मिळतो. आर्किमिडीजचा हा नियम आपण शाळेत शिकलो. आपण विसरतो ते इतकेच की, आपण सर्वजण हवेच्या एका समुद्राच्या तळाशी राहतो आणि तो नियम हवेलाही तितकाच लागू आहे. एक किलो लोखंड सुमारे १२७ घनसेंटिमीटर जागा व्यापते. एक किलो कापसाचे निव्वळ तंतू, म्हणजे मधली पोकळी वगळून, सुमारे ६५० घनसेंटिमीटर जागा व्यापतात. कापूस अधिक हवा बाजूस सारतो, म्हणून हवा त्याला अधिक उचलून धरते. असा आधार मिळत असताना तो जर लोखंडाशी बरोबरी करून राहात असेल, तर हवेबाहेर, निर्वातात, त्याचे वजन लोखंडाहून अधिक भरणार हे उघड आहे.

किती अधिक? ज्या जबलपूर शहरात मी राहतो, तेथे उन्हाळ्याच्या अखेरीस हा फरक सुमारे ०.५७ ग्रॅम भरेल. मुंबईस तो सुमारे ०.६० ग्रॅम होईल. व्यापाराच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक आहे. पावसाळी हवेत कापसाने शोषलेला ओलावा ह्याच्या कितीतरी पट फरक पाडील. परंतु मुद्दा निराळाच आहे. हे ०.५७ आणि ०.६० आकडे मी कोठून आणले? जबलपूरची हवा किती जड आहे हे मला ठाऊक असल्याखेरीज ते सांगता येणार नाहीत. ते मला कसे ठाऊक झाले, आणि त्या माहितीवर किती भरवसा ठेवावा, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

मी शास्त्रज्ञ नव्हे. अर्थशास्त्र घेऊन एम. ए. झालो आणि गेली वीस वर्षे शासकीय सेवेत फायलींच्या संगतीत काढली. त्यांपैकीच एका फायलीने मला ह्या विषयाकडे ढकलले. ती हकीकत पुढे येईलच; आधी हवेचे वजन पाहू.

हवा प्रत्यक्ष तराजूत घालून तोलणे अशक्य नाही, पण ते अतिशय जिकिरीचे आहे. म्हणून व्यवहारात हवेची घनता मोजीत नाहीत. ती गणिताने काढतात. त्यासाठी तीन गोष्टी मोजाव्या लागतात : हवेचा दाब, हवेचे तापमान आणि हवेतील आर्द्रता. दाब वाढला की तेवढ्याच जागेत अधिक हवा मावते आणि घनता त्याच प्रमाणात वाढते. तापमान वाढले की हवा प्रसरण पावते आणि घनता घटते. ही घट निरपेक्ष तापमानाच्या हिशेबाने होते, म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३.१५ मिळवून जो आकडा येतो त्याच्या व्यस्त प्रमाणात. हे दोन्ही नियम शाळेच्या पुस्तकातले आहेत. तिसरी गोष्ट मात्र ऐकणाऱ्यास थोडी चकवणारी आहे. जुलै महिन्यात पाऊस तोंडावर आला असता हवा कोंदट होते आणि आपण म्हणतो, 'आज हवा फार जड झाली आहे.' वस्तुतः दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याच्या वाफेचा रेणू १८ भाराचा, आणि हवेच्या रेणूंचा सरासरी भार सुमारे २९. दाब तोच असता वाफ आत आली की तिने आपल्याहून जड रेणूंची जागा घेतलेली असते. जड होते ते आपले अंग; हवा नव्हे.

जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४१२ मीटर उंचीवर वसलेले आहे. मुंबईकराच्या डोक्यावर हवेचा जेवढा स्तंभ उभा असतो, त्यातला खालचा आणि सर्वांत दाट असा ४१२ मीटरांचा तुकडा जबलपूरकराच्या वाट्यास येत नाही. म्हणून येथे चहाचे पाणी १०० अंशांवर नव्हे, तर सुमारे ९८.५ अंशांवरच उकळते. समजा, एखाद्या दिवशी जबलपुरात हवेचा दाब ९६० हेक्टोपास्कल आहे, म्हणजे जुन्या भाषेत ९६० मिलिबार. तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के आहे. गणित केले असता हवेची घनता दर घनमीटरास १.०९४ किलोग्रॅम येते. त्याच तापमानास मुंबईत दाब १०१० आणि आर्द्रता ७० टक्के धरली, तर ती १.१४८ येते. दोन शहरांच्या हवेत जवळजवळ पाच टक्क्यांचा फरक आहे.

आता खरा प्रश्न. १.०९४ हा आकडा मी मोठ्या ऐटीत उच्चारला. त्यातले शेवटचे ४ खरे कशावरून? माझा वायुभारमापक बिनचूक आहे काय? भिंतीवरचा तापमापक भिंतीचे तापमान सांगतो, की तराजूभोवतालच्या हवेचे? आणि आर्द्रतामापकाचे काय? स्वस्त आर्द्रतामापक चारपाच टक्क्यांनी सहज इकडेतिकडे होतो. ह्या तिन्ही उपकरणांचा संशय त्या १.०९४ मध्ये उतरला आहे. आपण तो बोलून दाखविला नाही, एवढेच.

तो बोलून कसा दाखवावयाचा, ह्याची आज एक शिस्त ठरलेली आहे. १९९३ साली आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून मापनातील अनिश्चितता व्यक्त करण्याची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, आणि जगभरच्या प्रयोगशाळा तिला अनुसरून चालतात. तिची रीत थोडक्यात अशी. प्रथम, प्रत्येक मोजमाप किती हलू शकते ते ठरवावे. काही बाबतींत तेच मोजमाप पुनःपुन्हा घेऊन, त्याच्या विखुरण्यावरून ते कळते. काही बाबतींत तशी सोय नसते. तेथे उपकरणाचे प्रमाणपत्र, निर्मात्याने दिलेली हमी आणि पूर्वानुभव ह्यांवरून अंदाज बांधावा लागतो. मग त्या हलण्याचा अंतिम उत्तरावर किती परिणाम होतो ते पाहावे. शेवटी हे सर्व परिणाम एकत्र करावेत.

आपल्या उदाहरणात दाबाचे मोजमाप १ हेक्टोपास्कलने अनिश्चित धरू. घनतेवर त्याचा परिणाम ०.१० टक्का होतो. तापमान अर्ध्या अंशाने अनिश्चित धरू, परिणाम ०.१९ टक्का. आर्द्रता ५ टक्क्यांनी अनिश्चित, परिणाम ०.०८ टक्का. ह्या तिन्हींची सरळ बेरीज ०.३७ होते. परंतु सरळ बेरीज करणे म्हणजे तिन्ही उपकरणे एकाच वेळी, एकाच दिशेने, पूर्ण कसोशीने चुकत आहेत असे मानणे होय. एवढी एकजूट उपकरणांत क्वचितच असते. एक थोडे वर चुकले तर दुसरे थोडे खाली चुकते. म्हणून येथे भूमितीतली काटकोन त्रिकोणाची रीत वापरतात. तीन पावले पूर्वेस आणि चार पावले उत्तरेस चालणारा माणूस मूळ जागेपासून सात पावलांवर नसतो, पाच पावलांवर असतो. तसेच प्रत्येक परिणामाचा वर्ग करावा, वर्गांची बेरीज करावी आणि तिचे वर्गमूळ घ्यावे. आपल्या तीन परिणामांचे असे एकत्रीकरण केले असता ०.२३ टक्का येतो. म्हणजे घनतेची अनिश्चितता सुमारे ०.००२५. बरीचशी खात्री हवी असेल तर हा आकडा दुप्पट करतात आणि म्हणतात : जबलपूरची हवा आज १.०९४ आहे, अधिक-उणे ०.००५.

ह्यात एक पथ्य मात्र पाळावे लागते. दोन मोजमापे एकाच उपकरणावर अवलंबून असतील, तर त्यांच्या चुका एकमेकींना ओळखतात. ओल्या आणि कोरड्या तापमापकांच्या जोडीवरून आर्द्रता काढली आणि त्याच कोरड्या तापमापकावरून तापमानही घेतले, तर त्या तापमापकाचा दोष दोन्हींकडून आत शिरतो. तेथे ही वर्गमुळाची रीत डोळे मिटून वापरता येत नाही. दोषाचा एकत्रित परिणाम निराळा हिशेबून पाहावा लागतो.

ह्या हिशेबाचा एक मोठा लाभ असा की, कष्ट कोठे घ्यावेत हे तो सांगतो. वरच्या उदाहरणात सर्वांत मोठा वाटा तापमानाचा आहे. तेव्हा उत्तर सुधारावयाचे असेल, तर महागडा वायुभारमापक विकत आणण्याऐवजी चांगला तापमापक आणावा आणि तो तराजूजवळ टांगावा. ज्याने हा हिशेब केला नाही, तो बहुधा जे उपकरण दिसावयास भारी तेच खरेदी करतो. सरकारी खरेदीचा अनुभव असल्यामुळे हे विधान मी जबाबदारीने करीत आहे.

येथे चूक आणि अनिश्चितता ह्यांतला भेद स्पष्ट केला पाहिजे. समजा, जबलपुरातील एखाद्या विद्यार्थ्याने दाब स्वतः मोजला नाही. हवामानाच्या नकाशावरून उचलला. तेथे त्यास १००८ असा आकडा मिळाला. परंतु निरनिराळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता यावी म्हणून नकाशावरचे दाब समुद्रसपाटीवर आणून दिलेले असतात. जबलपूरच्या अंगणातला खरा दाब त्याहून जवळजवळ पन्नासाने कमी असतो. ह्या विद्यार्थ्याचे उत्तर पाच टक्क्यांनी फसेल, आणि त्याने खाली अधिक-उणे ०.२३ टक्का असे कितीही सचोटीने लिहिले तरी ते त्यास वाचवणार नाही. चूक ही शोधून दुरुस्त करावयाची असते. सर्व ज्ञात चुका दुरुस्त केल्यानंतरही जो संशय उरतो, तो अनिश्चितता. पहिली नाहीशी करता येते; दुसरी फक्त कमी करता येते आणि प्रामाणिकपणे सांगता येते.

आता त्या फायलीकडे वळतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या दिवसांत, मी नर्मदाखोऱ्यातील एका तहसिलीत होतो. एका रॉकेल विक्रेत्याच्या मापाविषयी तक्रार आली. माप पाच लिटरचे होते. ते तपासणीस गेले. तपासणीची पद्धत अशी की, माप रिकामे तोलावयाचे, पाण्याने काठोकाठ भरून तोलावयाचे, आणि पाण्याच्या वजनावरून आकारमान काढावयाचे. अहवाल आला, तो मोठा नेटका होता. पाण्याचे तापमान विचारात घेतले होते आणि आकडे दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत दिले होते. मापातील तूट मान्य मर्यादेच्या ३.५ मिलिलिटर पलीकडे गेली होती. मी दोन दशांश स्थळे पाहिली आणि माझे समाधान झाले. मापात पाप आढळले, असे मानून मी परवाना पंधरा दिवस स्थगित करण्याची टिप्पणी लिहिली आणि खाली सही केली.

पुढे एका संध्याकाळी ग्वारीघाटावर फिरताना, पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक बरोबर होते. बोलता बोलता मी ही हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, "पाण्याच्या वजनावरून माप काढलेत, मग हवेचे काय केलेत?" मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी तेथेच पायरीवर बसून हिशेब मांडला. एक लिटर पाणी एक लिटर हवा बाजूस सारते. त्यास तोलणारी पोलादी वजने मात्र सुमारे एक-अष्टमांश लिटरच सारतात. उरलेल्या सात-अष्टमांश लिटर हवेइतका आधार पाण्याला अधिक मिळतो, आणि पाणी जवळजवळ एक ग्रॅम हलके भासते. पाच लिटरांस हे ४.८ मिलिलिटर झाले. अहवालात ही दुरुस्ती नव्हती. मर्यादेबाहेरची ३.५ मिलिलिटर तूट हवेने निर्माण केली होती, दुकानदाराने नव्हे.

ही झाली चूक. प्राध्यापकमहाशय तेवढ्यावर थांबले नाहीत. दुरुस्ती केल्यावर माप मर्यादेच्या आत १.३ मिलिलिटर येते. पण ते आत आहे असे तरी खात्रीने म्हणता येईल काय? पाण्याचे तापमान अर्ध्या अंशाने अनिश्चित धरले तर पाऊण मिलिलिटराचा संशय येतो. माप काठोकाठ भरताना नजरेचा एक मिलिलिटर जातो. दोन्ही एकत्र करून दुप्पट केले की २.५ मिलिलिटर. म्हणजे उत्तर होते १.३ आत, अधिक-उणे २.५. ह्याचा अर्थ, त्या तपासणीवरून माप खरे की खोटे हे ठरतच नव्हते. मी मात्र तिच्यावरून एका माणसाची पंधरा दिवसांची भाकर बंद केली होती.

गंमत अशी की, हवेच्या घनतेतील अनिश्चितता ह्या प्रकरणी अगदीच नगण्य होती. तिचा परिणाम एका मिलिलिटराच्या शंभराव्या भागाएवढा होता. हवा विसरणे महागात पडले. हवा फार बारकाईने मोजण्याची मात्र काहीच गरज नव्हती. लक्ष द्यावयास हवे होते ते माप भरण्याच्या पद्धतीकडे. मी फेरतपासणी मागितली. ह्या वेळी माप दहा वेळा भरून तोलण्यात आले आणि पाण्याचे तापमान अंशाच्या दहाव्या भागापर्यंत पाहण्यात आले. निष्कर्ष आला : मर्यादेच्या आत १.१, अनिश्चितता ०.७. माप निर्दोष होते. परवाना पूर्ववत झाला. परंतु तोवर पंधरा दिवस होऊन गेले होते. दुकानदार कागद घेण्यास आला, तेव्हा मापाकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, माप तर तेच आहे. बदलले काय?" ह्या प्रश्नाचे सरळ उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही.

श्रोतेहो, अनिश्चितता सांगणे म्हणजे आपला दुबळेपणा उघड करणे, अशी आपली एक समजूत असते. अधिकाऱ्याने ठाम असावे, आकडा एक असावा, असे आपणांस वाटते. विज्ञानाचा इतिहास ह्याच्या अगदी उलट साक्ष देतो. वायूंच्याच बाबतीतली एक थोर कथा सांगतो.

इंग्लंडात लॉर्ड रॅले हे शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नायट्रोजन वायूची घनता काढीत होते. काचेचा एक मोठा गोल वायूने भरून ते तोलीत. भोवतालच्या हवेचा दाब आणि आर्द्रता रोज बदलणार, हे ध्यानी घेऊन त्यांनी फ्रेंच शास्त्रज्ञ रेन्यो ह्यांची एक युक्ती योजिली होती. दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच आकाराचा दुसरा गोल टांगावयाचा, म्हणजे हवा दोघांनाही सारखीच उचलून धरते आणि तिची घनता मोजण्याची गरजच उरत नाही. हवेतून प्राणवायू काढून टाकून मिळविलेला नायट्रोजन त्या गोलात २.३१०२ ग्रॅम भरला. रासायनिक संयुगांपासून तयार केलेला नायट्रोजन मात्र २.२९९० ग्रॅम भरला. फरक ११ मिलिग्रॅम, म्हणजे शेकडा अर्धा.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, एवढे चालावयाचेच. सरासरी घ्या आणि पुढे चला. रॅले तसे म्हणू शकले नाहीत, कारण आपला हात किती हलतो हे त्यांना ठाऊक होते. हवेतून काढलेला नायट्रोजन त्यांनी तीन निरनिराळ्या रीतींनी शुद्ध केला होता. तिन्ही आकडे एकमेकांपासून ०.३ मिलिग्रॅमहून दूर नव्हते. संयुगांपासून तीन रीतींनी मिळविलेल्या नायट्रोजनाचे आकडेही दीड मिलिग्रॅमच्या आत होते. दोन्ही गटांत अकरा मिलिग्रॅमची दरी पडते, तर ती हाताची थरथर असू शकत नाही. १८९२ साली त्यांनी हे कोडे जाहीरपणे मांडून रसायनशास्त्रज्ञांकडे सूचना मागितल्या. पुढे विल्यम रॅमझे त्यांना मिळाले, आणि ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत दोघांनी सांगितले की, हवेत आजवर कोणीही न ओळखलेला एक जड आणि आळशी वायू आहे. तोच आर्गॉन. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात जवळजवळ शेकडा एक भाग असलेला हा वायू सर्वांच्या नजरेतून सुटला होता. १९०४ साली रॅले ह्यांना पदार्थविज्ञानाचे आणि रॅमझे ह्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हेच रॅमझे १९०० साली भारतात आले होते. जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी बंगलोर हे स्थान त्यांनीच सुचविले.

आर्गॉनची कथा येथे संपत नाही. शंभर वर्षांनंतर त्याने शास्त्रज्ञांना पुन्हा एकदा जागे केले. हवेची घनता गणिताने काढण्याचे आंतरराष्ट्रीय सूत्र १९८१ साली ठरले होते. हवा प्रत्यक्ष तोलली असता मात्र ती सूत्रापेक्षा किंचित जड भरे. फरक लाखात सहासातांचा होता. पण सूत्राची सांगितलेली अनिश्चितता त्याहून लहान असल्यामुळे तो झटकून टाकता येईना. अखेर कोरियातील प्रयोगशाळेने २००४ साली हवेतील आर्गॉन नव्याने मोजला. पूर्वी तो दहा हजारात ९१.७ भाग धरला जात असे, तो ९३.३ निघाला. तफावत मिटली, आणि २००७ साली सूत्र सुधारण्यात आले.

लाखात सात म्हणजे आपणांस काय, असे कोणी विचारील. आपल्या देशाच्या किलोग्रॅमचा क्रमांक ५७ चा प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या ठोकळ्यावर नव्हे, तर प्लँक ह्यांच्या स्थिरांकावर आधारलेली आहे. तथापि वजनांची साखळी खाली उतरते ती आजही बव्हंशी हवेतूनच उतरते. प्लॅटिनमचा किलो आणि पोलादाचा किलो ह्यांची हवेत तुलना करताना हवेची दुरुस्ती सुमारे ९४ मिलिग्रॅम असते, आणि आर्गॉनच्या त्या सुधारणेने ती सहा मायक्रोग्रॅमने बदलते. सोनाराच्या तराजूला हे कधीच दिसणार नाही. परंतु सोनाराचे वजन ज्या वजनावरून तपासले जाते, ते वजन ज्यावरून तपासले जाते, अशी ती उतरंड आहे. वरच्या मडक्याला तडा असेल तर तो वरच बुजविला पाहिजे.

उद्याच्या व्यवहाराचे एक उदाहरण सांगून हा विषय आटोपतो. अनेक शहरांत स्वयंपाकाचा वायू आता नळाने घरात येतो आणि घनमीटराने मोजला जातो. प्रमाण घनमीटर मानला आहे तो १५ अंश तापमानाचा आणि समुद्रसपाटीच्या प्रमाणदाबाचा. घरच्या नळातील दाब भोवतालच्या हवेहून सुमारे २१ मिलिबारने अधिक असतो. तापमान ३० अंश धरले, तर मुंबईत मीटरने दाखविलेल्या एका घनमीटरात सुमारे ०.९७ प्रमाण घनमीटर वायू असतो. जबलपूरच्या उंचीवर तो सुमारे ०.९२ भरतो. उंचीची आणि तापमानाची दुरुस्ती हिशेबात असली तर तक्रारीस जागा नाही. नसली तर गृहिणीच्या पदरी कमी वायू पडेल. मोठ्या नळांतून उच्च दाबाने वाहणाऱ्या वायूस तर शाळेतला साधा नियमही पुरत नाही. ७० बार दाबास साध्या नियमाने सांगितल्यापेक्षा दहा-बारा टक्के अधिक वायू त्याच जागेत मावतो. तेथील दुरुस्तीचे सूत्र किती खात्रीचे, ह्यावर मोठ्या रकमांचे देणेघेणे अवलंबून असते. म्हणून नागरिकाने विचारावयाचे प्रश्न दोनच : कोणती दुरुस्ती केली? आणि ती केल्यावर संशय किती उरला?

आपल्याकडे १९५८ सालच्या १ ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने येऊ लागली. तत्पूर्वी शेर, पायली, मण ह्यांची मापे गावोगाव बदलत. त्या बदलाने साऱ्या देशाचे माप एक झाले. ते काम मोठे होते. परंतु माप एक झाले म्हणजे मोजणे निर्दोष झाले, असे नव्हे. मोजणारा माणूस आपला संशय किती स्पष्टपणे सांगतो, ह्यावर पुढचे काम अवलंबून आहे.

त्या फायलीनंतर माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक तपासणी-अहवालावर मी एक ओळ लिहितो : 'अनिश्चितता नमूद करावी.' प्रारंभी कारकून मंडळी ह्या शेऱ्यावर हसत असत. आता बहुतेक अहवालांत तो आकडा आपसूक येतो. कधी तो मोठा असतो, आणि मग कारवाईचा कागद थांबवून फेरतपासणी सांगावी लागते. त्यात चार दिवस जातात. ते चार दिवस मला जड वाटत नाहीत.

आणि घरी मुलांपैकी कोणी ते लोखंड-कापसाचे कोडे घातले, तर त्यास सांगावे : कापूस जड, जबलपुरात सुमारे ०.५७ ग्रॅमने. मग लगेच दुसरा प्रश्न त्याच्याच हाती द्यावा : हे ०.५७ किती खात्रीचे?